आधी थांबायची जागा ठरव

ताई,
माझं वय ४२. चार वर्षांपूर्वी फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, थेट चौथ्या स्टेजचा. कंबरेच्या हाडात आणि मेंदूत दोन ठिकाणी पोहोचलेला. आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. खोकला होता, त्याचं खापर मी सायकल राइडमधल्या धुळीवर फोडत राहिले. पहिली केमो झाली तेवढ्यात जनुकाचा रिपोर्ट आला, एएलके पॉझिटिव्ह, म्हणजे गाठ वाढवणारा एएलके जनुकातला बिघाड. तेव्हापासून त्यावरची गोळी अ‍ॅलेक्टिनिब घेते. साडेतीन वर्षं स्कॅन स्थिर आहेत.

आजार कळला त्या सीझनला मी २००, ३०० आणि ४०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या तासांत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, पूर्ण केल्या होत्या. ६०० राहिली. हल्ली सुट्टीच्या दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर चालवते. आता ती ६०० करायची आणि त्यानिमित्ताने कॅन्सर संशोधनासाठी निधी उभा करायचा, असं मनात आहे. क्लबने पोस्टरही बनवलंय, ‘कॅन्सरला हरवणारी योद्धा’. नवरा म्हणतो, मिळालेला जीव रस्त्यावर उधळू नकोस. मुलगी तेरा वर्षांची आहे, ती काहीच बोलत नाही.

केमोच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर एक मैत्रीण भेटली होती. तिच्या रिपोर्टमध्ये गोळी देता येईल असं काही निघालं नाही. चौदा महिन्यांनी ती गेली. जर्सीवर तिचं नाव लिहायचं आहे. पण कधी कधी वाटतं, तिच्या नावावर मी माझीच हौस भागवते आहे. आणि पैसे गोळा करून झाल्यावर माझाच स्कॅन बिघडला, तर लोकांना काय तोंड दाखवू?
— अर्धी राहिलेली

* * *

तुला ‘तू’ म्हणते. मी तुझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी आहे, आणि सायकलवाल्यांत ‘अहो-जाहो’ पहिल्या पंक्चरपर्यंतच टिकतं.

पत्र वाचून झाल्यावर तुझ्या सहीपाशीच अडकले. अर्धी राहिलेली म्हणजे राइड की तू, ते तू लिहिलेलं नाहीस. माझ्या मते सगळा गुंता तिथेच आहे. तुझ्या मनात दोन इच्छा आहेत आणि तू त्या एकाच पिशवीत कोंबल्या आहेस. एक इच्छा ६०० ची. ती तुझी स्वतःची, जुनी, आजाराच्या आधीची. दुसरी निधीची. ती आजारानंतरची आहे, आणि त्या शेजारच्या खुर्चीतून आली आहे. दोन्ही चांगल्याच आहेत. चार वर्षं रिपोर्टांच्या फायली सांभाळणाऱ्या बाईला एखादी हौस असू नये, असा काही नियम नाही. पण हौसेवर देणगीदारांचं ओझं चढलं की ती हौस राहत नाही. ३१० व्या किलोमीटरला कंबर दुखायला लागली, तर एकटी असताना तू थांबशील. ‘लोकांनी सहाशेसाठी पैसे दिलेत’ हे डोक्यात असलं, तर नाही थांबणार.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. तीनशेच्या एका बीआरएममध्ये २१० किलोमीटरला माझा गुडघा बोलायला लागला. मी सोडली २४० ला. मधले तीस किलोमीटर निव्वळ लोक काय म्हणतील यासाठी चालवले. ते तीस मला पुढे तीन महिने पुरले. आणि मला तेव्हा फक्त गुडघेदुखी होती.

म्हणून सरळ उत्तर आधी देते, कारणं मागाहून. निधीसाठी सायकल चालव, जरूर चालव. चाळीस तासांत सहाशे मात्र नको. या वर्षी तरी नको, आणि निधीच्या नावाने तर कधीच नको.

अंतराची मला भीती नाही. भीती वाटते ती रात्रीची. दोनशेला साडेतेरा तास असतात, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. ही गणितं तुला पाठ आहेत, आणि सहाशेत माणूस दोन-तीन तास कुठेतरी पाठ टेकतो तेवढीच झोप, हेही ठाऊक आहे. मेंदूत एकदा आजार पोहोचलेला असताना झोप मोडणं वेगळ्या हिशेबात जातं. अपुऱ्या झोपेने फिट येण्याची शक्यता वाढते, आणि अंधारात उतारावर आलेली फिट तुझ्या एकटीपुरती राहत नाही. कंबरेच्या हाडाचंही तसंच. हाडात आजार बसून गेलेला असला, की नेहमीच्या पडण्यात जे नुसतं खरचटतं ते मोडू शकतं. आणि पडतो आपण कधी? दमल्यावर, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान. तूही तेव्हाच पडली असशील.

मी डॉक्टर नाही. त्यामुळे ‘चालवू का?’ हा प्रश्न मला न विचारता तुझ्या ऑन्कोलॉजिस्टना विचार. पण तो इतका मोघम विचारू नकोस. मोघम प्रश्नाला ‘जपून करा’ असं मोघम उत्तर मिळतं आणि ते कुणाच्याच कामाचं नसतं. कंबरेच्या नेमक्या कोणत्या हाडात आहे, ते आता भरून आलंय की अजून पोकळ आहे, त्यावर भार आणि धक्का किती चालेल, हे स्कॅन समोर ठेवून विचार. जमल्यास हाडांच्या डॉक्टरांचंही मत घे. मेंदूचा शेवटचा एमआरआय कधीचा आहे आणि सायकल रस्त्यावर चालवायला हरकत आहे का, तेही स्पष्ट विचार. हरकत असेल तर घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चालवलेले किलोमीटरही किलोमीटरच असतात. ट्रेनरला नाक मुरडणाऱ्या क्लबवाल्यांकडे लक्ष देऊ नकोस.

तुझ्या औषधाबद्दल काही गोष्टी आहेत, त्या सायकल चालवणाऱ्या माणसालाच जास्त नडतात, म्हणून लिहिते. अ‍ॅलेक्टिनिबने काहींचे स्नायू दुखतात आणि रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात उतरणारं एन्झाइम, वाढतं. लांब राइडनेही सीपीके वाढतंच. तू रविवारी ऐंशी किलोमीटर चालवून सोमवारी रक्त दिलंस, तर रिपोर्ट पाहून डॉक्टर औषधाला दोष देतील आणि कदाचित डोस कमी करतील. तपासणीआधीचे तीन-चार दिवस पाय आवर, किंवा निदान ‘काल इतकं चालवलंय’ एवढं सांग. या औषधाने नाडीही मंदावू शकते. म्हणजे तुझ्या घड्याळातले हार्ट रेटचे जुने झोन आता खोटे आहेत, त्यांच्यामागे धावू नकोस. चालवता चालवता पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढंच पाहा. येत नसेल तर गिअर उतरव. उन्हाने त्वचा भाजते हे तुला कळलंच असेल, पूर्ण बाह्यांची जर्सी आणि सनस्क्रीन यांना पर्याय नाही. आणि चार सकाळी, चार संध्याकाळी अशा त्या आठ कॅप्सूल खाण्यासोबत घ्यायच्या असतात. राइडच्या दिवशी नेमकी हीच वेळ हुकते.

ताबडतोब थांबून फोन करायच्या गोष्टी सायकलच्या बॅगेत चिठ्ठीवर लिहून ठेव, आणि सोबतच्या माणसाकडेही दे. रात्री झोपेतून उठवणारं किंवा पाय टेकल्यावर वाढणारं नवं हाडाचं दुखणं. पाठदुखीसोबत पायांत अशक्तपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं. एकाच पायाची सूज, किंवा अचानक लागलेली धाप, कारण या प्रकारच्या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जास्त असतो. आणि नेहमीसारखी नसलेली डोकेदुखी, चक्कर, नजरेत बदल. पाठीचं आणि पायांतल्या अशक्तपणाचं जे लिहिलंय, त्यात ‘उद्या सकाळी बघू’ चालत नाही.

आता नवऱ्याच्या बाजूचं एवढं बोलून झाल्यावर तुझ्या बाजूचं बोलते. ‘आता फक्त आराम’ हा सल्ला जुना झाला. २०२४ मध्ये पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ३५७ रुग्णांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी नऊ महिने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम केला. वजनं, सायकलिंगसारखा दम लावणारा व्यायाम, तोल सांभाळण्याचे प्रकार, असं सगळं. त्यांचा थकवा कमी झाला आणि रोजचं जगणं सुधारलं. त्यांतल्या बऱ्याच जणींच्या हाडांत आजार होता, तरीही. तुझा कॅन्सर वेगळा आहे, आणि व्यायामाने आयुष्य वाढतं का हे मोजायला तो अभ्यास नव्हता, हे ध्यानात ठेव. पण बसून राहिल्याने सुरक्षितता येते ही समजूत त्याने मोडली. आठवड्यातून तीन वेळा अर्धा तास दम लावणारा व्यायाम आणि दोनदा स्नायूंचा, ही साधारण शिफारस आहे. तुझ्या पत्रात स्नायूंच्या व्यायामाचं नाव नाही. सायकलवाल्यांना तो आवडत नाही, मलाही नाही. पण हाडाला आधार स्नायूचाच असतो.

टेरी फॉक्स तुझ्या क्लबमध्ये कुणी ना कुणी तुला ऐकवलाच असेल. कॅनडाचा पोरगा. १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी हाडाच्या कॅन्सरमुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. त्याला सांगण्यात आलं होतं की वाचण्याची शक्यता निम्मी आहे, आणि दोनच वर्षं आधी हीच शक्यता १५ टक्के होती. मधल्या दोन वर्षांत कुणीतरी काहीतरी शोधलं होतं, म्हणून त्याच्या वाट्याला निम्मी आली. ते त्याच्या डोक्यात बसलं. १२ एप्रिल १९८० ला तो कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धावायला निघाला, रोज जवळपास एक मॅरेथॉन. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले, आणि १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ तो थांबला. कॅन्सर फुप्फुसांत आला होता. पुढच्या जूनमध्ये, बाविसाव्या वर्षी तो गेला.

लोक ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. मला त्यात दुसरंच दिसतं. त्याची धाव अर्धवट राहिली. दुसरं टोक त्याने पाहिलंच नाही. तरीही फेब्रुवारी १९८१ पर्यंत २.४ कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली होती, म्हणजे त्या वेळच्या कॅनडात माणशी एक डॉलर, आणि त्याने मागितलंही तेवढंच होतं. धाव पुरी झाली नाही म्हणून कुणी डॉलर परत मागितला नाही. अर्धं राहिलेलं मोजलं जात नाही असं तुला वाटत असेल, तर त्याचा हा हिशेब पाहा.

त्याची एक गोष्ट मात्र घेऊ नकोस. वाटेत ठरलेल्या तपासण्या त्याने टाळल्या. बाविशीतल्या पोराला ते माफ आहे. तुझ्या घरी तेराची मुलगी आहे.

आता मैत्रिणीबद्दल. तू लिहितेस, ‘तिच्या रिपोर्टमध्ये काही निघालं नाही.’ तुझ्यात जे निघालं, ते कसं आणि कधी सापडलं हे तुला कुणी सांगितलंय का? २००७ साली जपानमध्ये हिरोयुकी मानो यांच्या गटाने दाखवलं, की फुप्फुसाच्या काही गाठींत ईएमएल४ आणि एएलके ही दोन जनुकं तुटून भलत्याच ठिकाणी एकमेकांना जोडली गेलेली असतात, आणि त्या जोडातून पेशींना वाढत राहण्याचा हुकूम मिळत राहतो. त्याच वेळी दुसऱ्याच कारणासाठी चाचणीत असलेलं क्रिझोटिनिब नावाचं औषध या जोडालाही अडवतं असं दिसलं, म्हणून चार वर्षांत, २०११ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मग तुझं अ‍ॅलेक्टिनिब आलं. २०१७ च्या मोठ्या चाचणीत आणि तिच्या पुढच्या पाठपुराव्यात क्रिझोटिनिबने आजार सरासरी ११ महिने रोखला होता, अ‍ॅलेक्टिनिबने जवळपास ३५. फुप्फुसाच्या कॅन्सरचा जो मोठा गट आहे, त्यात शंभरातल्या तीन ते पाच जणांत हा जोड सापडतो. त्या तीन-पाचांत तू आहेस.

समज, तुला हा आजार २००६ मध्ये झाला असता. जोड तेव्हाही तुझ्या गाठीत असताच. पण तो कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून तुझाही रिपोर्ट तिच्यासारखाच कोरा आला असता. तुझ्यात आणि तिच्यात फरक जिद्दीचा नव्हता गं, तारखेचा होता. तुझ्या गाठीचं कोडं तू आजारी पडण्याआधी सुटलं होतं. तिच्या गाठीचं सुटायचं आहे.

तू तिच्या नावावर हौस भागवते आहेस का, याचं माझं उत्तर यात आलं. तिच्यासारख्या कोऱ्या रिपोर्टवाल्यांसाठी पैसे जाणार असतील, तर नाही. ते पैसे फक्त ‘कॅन्सर जागृती’च्या फुग्यांवर आणि मेडलवर खर्च होणार असतील, तर थोडंफार हो.

आणि यात तुझाही स्वार्थ आहे, तो लपवू नकोस. गाठ हुशार असते. बऱ्याच जणांत काही वर्षांनी ती औषधाला वळसा घालते. त्या वळशाचा अभ्यास झाला म्हणून लॉर्लॅटिनिब हे पुढचं औषध आलं. २०२४ मध्ये त्याचे पाच वर्षांचे आकडे आले, तेव्हा पहिला उपचार म्हणून ते घेणाऱ्या ६० टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकलेला नव्हता, क्रिझोटिनिबच्या गटात ८ टक्के. तू कधी अ‍ॅलेक्टिनिबच्या पुढे गेलीस, तर तुझ्यासमोर जे काही ठेवलं जाईल ते असंच कुणाच्या तरी पैशांतून आणि कुणाच्या तरी रक्ताच्या नमुन्यांतून आलेलं असेल.

म्हणून ते पोस्टर मला पसंत नाही. तू कॅन्सरला हरवलेलं नाहीस. तो औषधाच्या ताब्यात आहे आणि तू त्याच्यासोबत जगते आहेस. ‘हरवणारी’ म्हटलं की शेजारची खुर्ची आपोआप ‘हरलेली’ होते. तुला ते टोचतंय, म्हणून तर पत्रात पोस्टर आणि मैत्रीण एका दमात आले. शिवाय योद्ध्यांच्या कहाण्या फार लवकर भलतीकडे जातात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचंच बघ. १९९६ मध्ये त्याचा वृषणाचा कॅन्सर पोटात, फुप्फुसांत आणि मेंदूत पोहोचला होता. तो वाचला, सात वेळा टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकला, जगभर लोकांनी त्याची जिद्द पिवळ्या पट्ट्याच्या रूपात मनगटावर बांधली. २०१२ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात सातही विजेतेपदं काढून घेतली गेली. पण त्याला वाचवणाऱ्या उपचारात सिस्प्लॅटिन नावाचं औषध होतं. बार्नेट रोझेनबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ १९६० च्या दशकात जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणूंची वाढ बिघडली, पण विजेमुळे नाही, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनममुळे. तिथून हे औषध निघालं. १९७४ मध्ये डॉक्टर लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांसोबत वृषणाच्या पसरलेल्या कॅन्सरवर वापरलं आणि ज्या आजारात दहातला एखादा वाचायचा, त्यात दहातले सात-आठ बरे होऊ लागले. माणसाची कहाणी खोटी निघाली, औषध खरं निघालं. लोकांना सांगायचंच असेल तर औषधाची कहाणी सांग.

पैशांचं थोडं रुक्ष वाटेल, पण ऐक. ‘कॅन्सरसाठी’ म्हणजे कशासाठी, हे आधी ठरव. गरजू रुग्णांच्या उपचाराला मदत आणि संशोधन हे दोन वेगळे निधी असतात, दोन्ही पुण्याचे, पण देणाऱ्याला कळायला हवं की तो कशाला देतोय. संस्थेकडून लेखी घे, की ही रक्कम संशोधनासाठीच आणि अमुक कामासाठी वापरली जाईल. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत. तुझ्या खात्यात एकही नको, क्लबच्याही नको. राइडचा खर्च स्वतंत्र ठेव. अमेरिकेत १९८० पासून चालणारी पॅन-मॅस चॅलेंज नावाची सायकल राइड आहे, बॉस्टनच्या डेना-फार्बर कॅन्सर संस्थेसाठी. स्वार जमवतात तो सगळाच्या सगळा पैसा संस्थेला जातो, आयोजनाचा खर्च दुसरीकडून भागवतात. आजवर एक अब्ज डॉलरहून अधिक झाले. तुझी राइड एवढीशी असेल, पण पद्धत तीच ठेवता येते. आणि ‘प्रत्येक किलोमीटरमागे इतके’ असं अजिबात मागू नकोस. तो हिशेब तुला ३१० ला थांबू देणार नाही.

कुणी म्हणेल, एवढ्याशा पैशांनी काय होतं, संशोधन तर कंपन्या करतात. त्याला एक उदाहरण सांग. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना तीन वर्षं ठरवून व्यायाम, बाकीच्यांना फक्त आरोग्याची माहिती. २०२५ मध्ये निकाल आला. पाच वर्षांनी कॅन्सर परतलेला नाही आणि माणूस हयात आहे असे व्यायामाच्या गटात ८० टक्के, दुसऱ्या गटात ७४. चाचणी सुरू झाली होती २००९ मध्ये! व्यायामाची गोळी करून विकता येत नाही, म्हणून कोणती कंपनी यात पंधरा वर्षं पैसे घालणार? ते घातले कॅनडाच्या कॅन्सर सोसायटीसारख्या संस्थांनी, आणि त्यांच्याकडे पैसे येतात ते देणग्यांतून. कंपनीला ज्या प्रश्नात नफा दिसत नाही, ते प्रश्न अशा पैशांवरच उभे राहतात.

राइड कशी करायची? माझी सूचना अशी. सहाशे किलोमीटरच ठेव, तो आकडा तुझ्यासाठी काय आहे ते मला कळतं. पण दहा रविवार, दर रविवारी साठ. आजच्या तीसवरून साठवर यायला निदान तीन महिने घे. उजेडात सुरू, उजेडात शेवट, रात्री स्वतःच्या अंथरुणावर पूर्ण झोप. दर रविवारी वेगळ्या चार जणांना सोबत घे. एखाद्या रविवारी तुझ्याच्याने झालं नाही, तर तुझे साठ ते चौघे वाटून घेतील. बीआरएमच्या नियमात हे बसत नाही. न बसू दे, तुला यासाठी कुणाचं मेडल नकोय. तुझी खरी सहाशे, चाळीस तासांची, तिचं काय करायचं ते पुढे कधी डॉक्टरांशी बोलून ठरव. ती झाली तर तुझी एकटीची, पोस्टर न लावता.

स्कॅनच्या भीतीवर माझ्याकडे एकच इलाज आहे, तो म्हणजे आधीच सांगून टाकणं. राइडची तारीख स्कॅननंतर दोन-तीन आठवड्यांनी धर, आधी नको. आणि आवाहनातच लिही, ‘माझा कॅन्सर औषधाने ताब्यात आहे, गेलेला नाही. एखाद्या दिवशी तब्येत किंवा डॉक्टर नको म्हणाले, तर मी चालवणार नाही. उरलेलं अंतर माझे मित्र चालवतील आणि पैसे ठरल्याप्रमाणे संशोधनालाच जातील.’ एवढं लिहिलंस की तोंड दाखवायचा प्रश्नच उरत नाही. हे वाचूनही जे देतील, ते तुझ्या पायांना देत नाहीत.

नवऱ्याचं वाक्य कडू आहे, पण ‘मिळालेला जीव’ हे शब्द बघ ना. तो जीव त्यालाही मिळालाय, तुझ्याइतकाच. चार वर्षांपूर्वीच्या रात्री तो जागाच होता. त्याला पटवायला बसू नकोस. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा सोबत ने आणि त्याचे प्रश्न त्यालाच विचारू दे. मग एक हक्क त्याच्या हाती दे. राइडच्या दिवशी तो ‘थांब’ म्हणाला की थांबायचं, जागच्या जागी, वाद न घालता. दहा रविवारांत तो कदाचित एकदाही म्हणणार नाही. म्हणता येतं, एवढ्यानेच बरीचशी भीती उतरते. त्याने दोनदा उगाच म्हटलं, तर दोनदा उगाच थांब.

मुलीच्या गप्प राहण्याला होकार समजू नकोस. तेराव्या वर्षी पोरांना सगळं कळतं, विचारायचं कुणाला ते कळत नाही. ‘आई किती धाडसी’ हे तिला चार वर्षं बाहेरच्यांकडून ऐकावं लागलंय, आणि धाडसी आईसमोर घाबरायची सोय नसते. पोस्टर तिच्या शाळेतही पोहोचेल, हेही ध्यानात घे. आधी तू तिला सांग की स्कॅनच्या आदल्या रात्री तुला झोप लागत नाही. मग गप्प बस. ती त्या दिवशी बोलली नाही तरी चालेल. तिला राइडचं काही काम द्यायची घाई करू नकोस, तिला हवं असेल तर ती स्वतः मागेल.

राहिलं मैत्रिणीचं नाव. आधी तिच्या घरच्यांना विचार. फोनवर नको, शक्य असेल तर भेटून. काहींना असं नाव पाठीवर फिरलेलं आवडतं, काहींना त्या फोटोंचा त्रास होतो, आणि तो त्रास ते तुला सांगणार नाहीत. म्हणून विचारताना ‘नाही’ म्हणायची वाट मोकळी ठेव. त्यांनी हो म्हटलं तर पाठीवर लिही, तुझ्या नावाच्या वर. नको म्हटलं तर जर्सीच्या आतल्या बाजूला, गळ्यापाशी शिवणीवर लिही. तिथे लिहायला कुणाला विचारावं लागत नाही.